गोंधळ कसला? इंग्रजीतल्या केऑस, मेस, अपरोर आणि अपहीव्हलची ओळख

बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा हवी म्हणून माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलाने साहेबांना इंग्रजीत मेल लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘देअर इज केऑस ॲट माय होम.’ पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. घरी सगळं ठीक आहे ना? काही मदत पाठवू का? मुलगा गडबडला. त्याला सांगायचं होतं एवढंच, की घरात लगीनघाई आहे, पाहुणे आलेत, आईला हाताशी माणूस हवंय. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्याने विचारलं, ‘ताई, गोंधळ म्हणजे केऑसच ना? कोशात तर तसंच दिलंय.’

कोशात तसंच दिलंय, हे खरं. पण इंग्रजीत गोंधळासाठी चाळीसेक शब्द सहज सापडतील आणि त्यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या जातीच्या गोंधळाला लागतो. पाठांतराने ते जमत नाहीत, कारण पाठ करताना सगळ्यांपुढे आपण ‘गोंधळ’ हा एकच अर्थ लिहून ठेवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे शब्द मी गेली काही वर्षं ज्या क्रमाने शिकवते, तोच क्रम इथे देते आहे.

पायरी १ : इंग्रजीकडे जाण्याआधी मराठीत विचारा, ‘गोंधळ कसला?’

आपला ‘गोंधळ’ हा शब्दच मुळात देवीच्या दारातला. लग्नकार्य झालं की तुळजाभवानीचा किंवा रेणुकेचा गोंधळ घालायचा, गोंधळी येणार, संबळ-तुणतुणं वाजणार, दिवटी पेटणार, रात्रभर आख्यानं चालणार. त्या वाजण्या-नाचण्याच्या धामधुमीवरून रोजच्या बोलण्यातला गोंधळ आला. उगम असा मोठा असल्यामुळे की काय, हा शब्द आज कुठेही चालतो. खोलीत गोंधळ, सभेत गोंधळ, डोक्यात गोंधळ, हिशोबात गोंधळ. इंग्रजीत असा सगळीकडे चालणारा एकच शब्द नाही, आणि नवख्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते.

पण मराठीत फक्त गोंधळच आहे असंही नाही. घरात असतो तो पसारा. वर्गात गलका. विधानसभेत गदारोळ. चौकात राडा. दोऱ्यात गुंता. कागदपत्रांत घोळ. शेवटच्या क्षणी उडते ती तारांबळ. समारंभाचा होतो तो फज्जा. राज्यात माजते ती अनागोंदी. आणि आयुष्यात होते ती उलथापालथ. ‘वर्गात पसारा माजला’ असं कुणी म्हणत नाही, ‘कपाटात गदारोळ आहे’ असंही नाही. म्हणजे गोंधळाच्या जाती आपल्याला जन्मापासून ठाऊक आहेत. इंग्रजी शब्द निवडताना हे ज्ञान वापरायचं.

वहीचं एक पान घ्या आणि डाव्या बाजूला वरचे मराठी शब्द एकाखाली एक लिहा. उजवी बाजू रिकामी ठेवा, पुढच्या पायऱ्यांत ती भरेल. ‘गोंधळ’ हा शब्द मात्र त्या पानावर लिहू नका.

पायरी २ : डोक्यातला गोंधळ आधी बाजूला काढा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. ‘माझा गोंधळ झाला’ हे वाक्य इंग्रजीत केऑस, डिसऑर्डर, टर्मॉइल यांतल्या कशानेही होत नाही. ते होतं ‘आय गॉट कन्फ्यूज्ड.’ दोन माणसांच्या नावांची किंवा दोन पार्सलांची अदलाबदल झाली, तर तो ‘मिक्स-अप’. ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द फार उपयोगी आहे, कारण त्यात कुणावर ठपका नसतो. ‘देअर वॉज अ मिक्स-अप विथ द इन्व्हॉइसेस’ म्हटलं की घोळ झाला एवढं कळतं, कुणी केला हे उघडं पडत नाही. विचार किंवा कागद एकमेकांत मिसळून काहीच धड कळेनासं झालं, तर ‘मडल’.

मनाची घालमेल मात्र यातली नाही. नोकरी सोडावी की नाही, आईला गावी एकटं ठेवावं की नाही, अशी जी आतल्या आत उलाघाल होते, तिला इंग्रजीत ‘टर्मॉइल’ आहे. कन्फ्यूजन कुणीतरी समजावून सांगितलं की मिटतं, टर्मॉइल तसं मिटत नाही.

पायरी ३ : वस्तूंचा पसारा

इथला राजा ‘मेस’. पुण्यात शिकायला आलेल्या कुणालाही हा शब्द वेगळ्या कारणाने पाठ असतो. सदाशिव पेठेतली मेस, महिन्याचं कार्ड, रविवारी संध्याकाळी बंद. ही मेस आणि पसारा या अर्थाची मेस हे दोन शब्द नाहीत, एकच आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘मेस’ म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. इंग्रजीत त्यावरून एकत्र जेवणाऱ्यांची पंगत झाली, पंगतीवरून सैन्यातली ऑफिसर्स मेस आणि तिथून आपली विद्यार्थ्यांची मेस. दुसऱ्या वाटेने तो शब्द पातळ, कालवलेल्या अन्नाकडे गेला, मग जनावरांसमोर ठेवलेल्या कालवणाकडे, मग कुठल्याही कालवाकालवीकडे, आणि एकोणिसाव्या शतकात सरळ पसाऱ्याकडे. वर्गात हे सांगितलं की मुलं हा शब्द कधी विसरत नाहीत.

मेस मोजता येते, म्हणून तिच्याआधी ‘अ’ लागतो : ‘द किचन इज अ मेस.’ पसारा वस्तूंचाच असला पाहिजे असं नाही. ‘माय लाइफ इज अ मेस’ हेही रोजचं वाक्य आहे. शब्द घरगुती आहे. मित्राला खुशाल लिहा, ऑडिटच्या अहवालात लिहू नका.

नको असलेल्या वस्तूंनी टेबल भरलं असेल, पण काही सांडलेलं-मळलेलं नसेल, तर ‘क्लटर’. आधी नीट लावलेलं होतं ते विस्कटलं, तर ‘डिसअरे’. हा शब्द केसांना, कपड्यांना लागतो, तसाच फाटाफूट झालेल्या राजकीय पक्षालाही लागतो.

आणि मग ‘शॅम्बल्स’. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याच्या पोटात अख्खा बाजार आहे. मूळ जुन्या इंग्रजीतला, अर्थ चौरंग किंवा बाकडं. मग ज्या बाकड्यावर मांस विकायचं ते बाकडं, मग मांसबाजार, मग खाटिकखाना, मग रक्ताचा सडा पडलेली कुठलीही जागा. विसाव्या शतकात रक्त ओसरलं आणि मागे उरला नुसता विचका. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ‘द शॅम्बल्स’ नावाची अरुंद जुनी गल्ली अजून आहे. ती खाटकांची होती, आणि काही दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे आजही दिसतात. शब्दाच्या शेवटी ‘स’ असला तरी तो एकवचनी चालतो : ‘द मीटिंग वॉज अ शॅम्बल्स.’ बैठकीचा पार विचका झाला.

पायरी ४ : आवाजाचा गोंधळ

कानाला जाणवणाऱ्या गोंधळाचे शब्द वेगळे ठेवा. नुसता सतत कानावर आदळणारा गोंगाट म्हणजे ‘डिन’. मंडपातल्या डीजेचा, कारखान्यातल्या यंत्रांचा. लोक चिडून आवाज उठवतात तेव्हा ‘अपरोर’, म्हणजे आपला गदारोळ. ‘गदारोळात कामकाज तहकूब’ ही बातमी वर्षातून कितीदा वाचतो आपण! इंग्रजी वर्तमानपत्रात तिथे ‘अमिड अपरोर’ किंवा ‘अमिड डिन’ सापडेल. अपरोरला खोलीची गरज नसते. एखाद्या निर्णयावर राज्यभर संताप उसळला, तर तोही अपरोर, आणि मग पुढे ‘ओव्हर’ येतं : ‘अपरोर ओव्हर द फी हाइक.’ हा शब्द ऐकून गर्जना या अर्थाचा ‘रोर’ आठवतो, पण तो त्यातला नाही. डच भाषेतल्या ‘ओप्रूर’ या शब्दावरून सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ उठाव, खळबळून वर येणं. आवाज त्याला इंग्रजीत आल्यावर चिकटला.

दारात अचानक काहीतरी घडलं, चार लोक जमले, काय झालं काय झालं सुरू झालं, की ‘कमोशन’. आपला गलबला. यात राग असेलच असं नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या लग्नघरात दुपारी स्वयंपाकघरातून येत असेल तो आवाज याच्या जवळचा.

आवाज आणि पळापळ दोन्ही हाताबाहेर गेलं, तर ‘पँडेमोनियम’. हा शब्द एका कवीने घडवला. जॉन मिल्टनने १६६७ साली छापलेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये नरकाच्या राजधानीला हे नाव दिलं. ‘पॅन’ म्हणजे सगळे आणि ‘डायमॉन’ म्हणजे दैत्य. सगळ्या दैत्यांची नगरी. वीज जाते, स्टेडियमचं फाटक अडकतं, हजारो माणसं एकाच वेळी ओरडतात, तिथे हा शब्द शोभतो. चार मुलं वर्गात बोलत असताना वापरला तर अतिशयोक्ती होते.

‘बेडलम’ वापरण्याआधी थोडं थांबा. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. बेथलेहेमचं बोलताना बेथलम आणि बेडलम झालं. सतराव्या-अठराव्या शतकांत लोक पैसे टाकून तिथल्या रुग्णांना बघायला जात, प्राणिसंग्रहालयात जावं तसे. त्या कोंडलेल्या माणसांचा आक्रोश म्हणजे बेडलम. ते रुग्णालय जागा बदलत बदलत आजही चालू आहे, आणि त्याच्या एका जुन्या इमारतीत आता लंडनचं युद्धसंग्रहालय आहे. इंग्रजी लेखनात बेडलम आजही सर्रास येतो, तो वाचून समजला पाहिजे. पण आपण लिहिताना तो टाळावा असं मला वाटतं. ज्यांच्या वेदनेतून तो शब्द झाला, त्यांच्यासारखी माणसं आपल्या वाचकांत असतात, आपल्या घरातही असतात.

पायरी ५ : माणसं एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा

इथे चुकीचा शब्द महागात पडू शकतो, कारण यातले काही शब्द कायद्याचे आहेत. ‘आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये रायट झाला’ असं लिहू नका. भारतीय कायद्यात पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव हिंसा करतो तेव्हा ‘रायटिंग’, म्हणजे दंगल, होते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात बेकायदा जमाव कलम १८९ मध्ये आणि दंगल कलम १९१ मध्ये आहे. दोन किंवा अधिक माणसं सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता बिघडवतात, तो ‘अफ्रे’, कलम १९४. न्यायालयाची बातमी भाषांतरित करणाऱ्याने हे दोन कधीच एकमेकांच्या जागी घालू नयेत.

रायटचे दोन सौम्य वापरही आहेत. ‘रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे एखाद्याला कडक तंबी देणं. ब्रिटनच्या १७१४च्या कायद्यानुसार बारा किंवा अधिक लोकांच्या जमावापुढे अधिकाऱ्याने जाहीरनामा वाचायचा आणि तासाभरात पांगले नाहीत तर कारवाई करायची, त्यावरून हे आलं. आणि ‘रायट ऑफ कलर्स’ म्हणजे रंगांची उधळण. सप्टेंबरातल्या कास पठाराबद्दल लिहिताना हाच शब्दप्रयोग कामी येतो.

कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही अशी झोंबाझोंबी म्हणजे ‘मेले’. शब्द फ्रेंच आहे, अर्थ मिसळलेलं. आपल्या राड्यासाठी ‘ब्रॉल’ किंवा ‘रकस’. ब्रॉलमध्ये हात उचललेले असतात, रकस नुसत्या आरडाओरड्यावरही भागतो.

‘मेहेम’ आणि ‘हॅवॉक’ यांत नुकसान असतं, हे विसरू नका. मेहेम हा जुना कायद्याचा शब्द. समोरच्याचा हात, पाय, डोळा असा अवयव निकामी करायचा, म्हणजे तो लढण्याच्या कामाचा राहणार नाही, या गुन्ह्याचं ते नाव. अपंग करणं या अर्थाचं ‘मेम’ हे क्रियापद त्याचंच भावंड. हॅवॉक ही तर लुटीची आरोळी होती. सेनापतीने ‘हॅवॉक’ म्हटलं की सैनिकांनी लुटायला सुटायचं. शिस्त मोडते म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या १३८५च्या लष्करी नियमांत परवानगीशिवाय ही आरोळी देणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा ठेवली होती. आज हॅवॉक बहुतेकदा निसर्ग माजवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पावसाने मुंबईत काय केलं? ‘रीक्ड हॅवॉक’. दाणादाण उडवली.

या पायरीवर आणखी एक शब्द सांगायचा आहे, आणि तो मी दरवर्षी मुद्दाम वेळ काढून शिकवते. चेंगराचेंगरीला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘स्टँपीड’ म्हणतात. हा शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून अमेरिकेत आला, गुरांचा कळप बिथरून उधळतो त्यासाठी. माणसांना लावला की त्यातून ऐकू येतं ते असं : लोक बिथरले, धावले आणि मेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसं गेली. पावसामुळे लोक अरुंद जिन्यावर थांबले होते, मागून गर्दी येतच राहिली. उधळायला तिथे जागाच नव्हती. गर्दीचा अभ्यास करणारे अशा घटनेला ‘क्राउड क्रश’ म्हणावं असा आग्रह धरतात, आणि तो योग्य आहे. आपला शब्द पहिल्यापासून बरोबर होता. चेंगराचेंगरीत चेंगरणं आहे, उधळणं नाही. तेव्हा भाषांतर करताना सवयीने स्टँपीड टाकू नका. लोक खरंच धावले होते का ते बातमीत बघा.

पायरी ६ : व्यवस्थाच नाही, की व्यवस्था विस्कटली?

‘ॲनर्की’ म्हणजे अराजक, आणि हे दोन शब्द एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. ग्रीकमध्ये ‘ॲन’ म्हणजे नाही आणि ‘आर्कोस’ म्हणजे शासक. आपल्याकडे अ आणि राजक. राजा नाही. इंग्लंडच्या इतिहासात ११३५ ते ११५३ या काळालाच ‘द ॲनर्की’ म्हणतात. स्टीफन आणि मटिल्डा या दोघांनी गादीवर हक्क सांगितला होता. आपल्या जुन्या ग्रंथांतला मत्स्यन्याय, मोठा मासा लहान माशाला गिळतो ती अवस्था, ती हीच. हा शब्द सत्तेविषयी आहे. सरकार शाबूत असताना नुसती वाहतूक तुंबली, तर ती ॲनर्की नव्हे.

‘डिसऑर्डर’ थोडा सपाट, कार्यालयीन शब्द. औषधोपचारात तो आजाराला किंवा विकाराला लागतो, कायद्यात अव्यवस्थेला. ‘लॉ अँड ऑर्डर’ आणि ‘पब्लिक ऑर्डर’ यांतला फरक सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६५ साली राम मनोहर लोहिया यांच्या खटल्यात एकात एक काढलेल्या तीन वर्तुळांनी समजावला. सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आतलं राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे भांडले तर बाहेरचं वर्तुळ बिघडतं, आतली नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे चित्र वहीत काढून ठेवावं.

लोकांत असंतोष धुमसतोय, मोर्चे निघताहेत, पण अजून भडका उडालेला नाही, तो ‘अनरेस्ट’. देश, पक्ष किंवा शेअर बाजार डळमळीत झाला, तर ‘टर्मॉइल’, मनाला लागतो तोच.

आणि एक साधा शब्द, जो रोज लागतो आणि कुणी शिकवत नाही : ‘डिसरप्शन’. ‘मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत’ यातलं विस्कळीत. ‘सर्व्हिसेस वेअर डिसरप्टेड.’ नवखी मुलं इथे केऑस लिहितात. गाड्या उशिरा धावत असतील तर डिसरप्शन. फलाटावर कुणाला काहीच कळेनासं झालं, उद्घोषणा बंद पडल्या, लोक रुळांवर उतरले, तर केऑस. ऑफिसात, बँकेत, अहवालात दहापैकी आठ वेळा तुम्हाला डिसरप्शनच हवा असतो.

पायरी ७ : उलथापालथ

‘अपहीव्हल’मध्ये ‘हीव्ह’ आहे, म्हणजे जोर लावून उचलणं. भूगर्भशास्त्रात जमीन खालून वर उचलली जाते तिच्यासाठी हा शब्द रुळला आणि तिथून समाजाकडे आला. यात आरडाओरडा असेलच असं नाही. खालची जमीन सरकलेली असते आणि नंतर काही पूर्वीसारखं राहत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्या संपाने गिरणगावात जे झालं ते केऑस म्हणून चालणार नाही. चाळी तिथेच होत्या, नळाला पाणी येत होतं, मुलं शाळेत जात होती. पण घराघरातली मिळकत गेली, कुटुंबं गावी परतली, पुढे गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. अपहीव्हल म्हणतात ते याला. अपहीव्हल चांगलंही असू शकतं. परदेशी बदली झाली, मुलांच्या शाळा बदलल्या, तरी इंग्रजीत ते अपहीव्हलच.

एखाद्या कामाचा पुरता बोऱ्या वाजला, तर दोन शब्द आहेत. ‘फियास्को’ म्हणजे फज्जा, थोडा हसण्यावारी नेण्यासारखा. हा इटालियन शब्द, मूळ अर्थ बाटली. ‘डिबाकल’ त्याहून जड. फ्रेंचमध्ये नदीवरचा बर्फ फुटून लोंढ्याने वाहू लागतो त्याला हे नाव होतं. बर्फाळ नद्या आपण पाहिलेल्या नाहीत, पण या अर्थाचा शब्द आपल्याला इतिहासाने दिला आहे. १७६१ नंतर मराठीत मोठ्या पराभवाला पानिपत म्हणतात. निवडणुकीत एखाद्या पक्षाचं पानिपत झालं की इंग्रजीत लिहा डिबाकल.

पायरी ८ : आता केऑस

हा शब्द मी शेवटी ठेवते. आधी शिकवला की मुलं पुढचं काही शिकतच नाहीत. ग्रीक कवी हेसिअड सांगतो की सगळ्यात आधी केऑस होतं. पण त्याच्या केऑसमध्ये गोंधळ नाही. ती आहे आ वासलेली पोकळी, आणि शब्दाचं नातंही ग्रीकमधल्या आ वासण्याशीच आहे. पुढे रोमन कवी ओव्हिडने त्याला सगळी तत्त्वं एकात एक कालवलेला ओबडधोबड गोळा केलं, आणि तिथून तो आजच्या अर्थाकडे वळला. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या रसायनज्ञाने हवेसारख्या पदार्थांसाठी याच शब्दावरून ‘गॅस’ हा शब्द बनवला. घरातल्या सिलिंडरवर तो लिहिलेला असतो.

आजच्या वापरात केऑस म्हणजे नियंत्रणच सुटलेली अवस्था. पुढच्या क्षणी काय होईल ते सांगता येत नाही. हाच तुमचा निकष. पुढे काय होणार ते कुणाला तरी माहीत असेल, तर बहुधा केऑस नाही. लग्नघरात आईला सगळं माहीत असतं.

विज्ञानातला केऑस आणखी वेगळा. एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ साली संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि पुढचं हवामान पार वेगळं निघालं. तिथे नियम सगळे ठरलेले असतात, सुरुवातीचा इवलासा फरक तेवढा फुगत जातो. विज्ञानविषयक मजकुरात केऑस दिसला तर ‘अनागोंदी’ लिहू नका.

पायरी ९ : शब्द एकटा शिकू नका, जोडीने शिका

केऑस, हॅवॉक, मेहेम, टर्मॉइल यांच्याआधी सहसा ‘अ’ लागत नाही आणि त्यांचं अनेकवचनही करत नाहीत. मेस, शॅम्बल्स, फियास्को, डिबाकल, कमोशन यांना ‘अ’ लागतो. अवस्था सांगायची असेल तर आधी ‘इन’ : इन केऑस, इन टर्मॉइल, इन डिसअरे, इन अ मेस, आणि सभागृह असेल तर इन ॲन अपरोर. पँडेमोनियम आणि रायट यांना ‘ब्रेक आउट’ लागतं. केऑसमध्ये माणसं किंवा देश ‘डिसेंड’ होतात, म्हणजे उतरत जातात. हॅवॉकला ‘रीक’ किंवा ‘प्ले’. हा ‘रीक’ बऱ्याच जणांकडून मोडतोडीचा ‘रेक’ म्हणून लिहिला जातो. ती चूक आहे, आणि मुलाखतीत लक्षात येते.

उच्चारांचं थोडक्यात. केऑस, चाओस नाही. मेले, त्यात शेवटचे दोन ‘इ’ ‘ए’सारखे. इंब्रोलिओ (गुंतागुंतीची भानगड) यातला ‘ग’ बोलायचा नाही. ठरलेलं काम बिनसलं की ‘इट वेंट अराय’. स्पेलिंग बघून लोक त्याला ऑरी म्हणतात.

ज्यांना शब्दांचा नाद आवडतो त्यांनी जोडशब्द बघावेत : टॉप्सी-टर्व्ही, हिग्लडी-पिग्लडी, हेल्टर-स्केल्टर, हर्ली-बर्ली. आपल्या उलटसुलट, अस्ताव्यस्त, पळापळ, त्रेधातिरपीट यांच्या शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा. विस्कटलेपणा सांगताना दोन्ही भाषांना शब्द दुहेरी करावासा वाटतो, याचा मला दरवेळी नव्याने आनंद होतो. बोलताना वापरा, अर्जात नको.

पायरी १० : सराव

आठवडाभर रोज मराठी वर्तमानपत्राचं पहिलं पान घ्या. गोंधळाच्या जातीचा प्रत्येक शब्द अधोरेखित करा आणि पायरी १ मधल्या पानावर त्याच्यासमोर इंग्रजी शब्द भरा. अडलात तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) मोफत ऑनलाइन आहे. त्यात मराठी शब्द शोधा. इंग्रजी समानार्थी शब्दांच्या यादीतून मात्र उचलू नका. तिथे बेडलम आणि मेस शेजारी बसलेले असतात.

सुरुवातीला ही पाच वाक्यं घ्या. एक, पावसामुळे लोकल वाहतूक विस्कळीत. दोन, कांद्याच्या भावावरून सभागृहात गदारोळ. तीन, दोन ग्राहकांच्या ऑर्डरींचा गोंधळ झाला. चार, घटस्फोटानंतर तिच्या आयुष्यात उलथापालथ झाली. पाच, घरी लगीनघाई आहे. पहिल्यात डिसरप्टेड, दुसऱ्यात अपरोर, तिसऱ्यात मिक्स-अप, चौथ्यात अपहीव्हल, आणि तिचं मन सांगायचं असेल तर टर्मॉइल.

पाचव्यासाठी या यादीतला एकही शब्द नको. माझ्या विद्यार्थ्याने दुसरा मेल पाठवला त्यात लिहिलं होतं, ‘वी आर बिझी विथ माय सिस्टर्स वेडिंग.’ रजा चारऐवजी पाच दिवसांची मिळाली.